दिवे लागतात, इंजिन हलत नाही

दिवे लागतात, भोंगा वाजतो, पण इंजिन जागचं हलत नाही. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या आगगाड्यांचा नाद असलेल्या माणसाला ही तक्रार सगळ्यांत जास्त छळते. इंजिन पूर्ण बंद पडलं असेल तर निदान एवढं तरी कळतं की वीज कुठेतरी तुटली आहे. इथे वीज पोचते आहे, हुकूम पोचतो आहे, काही हुकूम पाळलेही जाताहेत. ज्याच्यासाठी इंजिन घेतलं तेवढंच होत नाही. मग बहुतेक जण ठरवून टाकतात की आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट जळलं. नवं सर्किट परदेशातून मागवलं जातं, त्यावर सीमाशुल्क भरलं जातं, आठवडेच्या आठवडे वाट पाहिली जाते आणि ते बसवल्यावरही इंजिन हलत नाही.

असं एक इंजिन दुरुस्त होताना मी पुण्यात पाहिलं. दुरुस्त करणारे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना नाव छापून यायला नको आहे. त्यांच्याकडे येणारे सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा इथेही काकाच. त्यांची उमेदीची वर्षं स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये गेली. खोल्या भरून रिले, शेकडो सरकते संपर्क, आणि त्यातला नेमका एक कुठेतरी रुसलेला. तो शोधायची जी शिस्त तिथे अंगात मुरली, तीच आता बोटाएवढ्या इंजिनांवर वापरली जाते. मला या लेखात त्या शिस्तीबद्दल सांगायचं आहे. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे हातचलाखी असं मानतात. कुणाच्या तरी हाताला गुण असतो म्हणतात. काकांच्या टेबलाजवळ बसल्यावर दिसलं ते वेगळंच होतं. तिथे क्रम होता, आणि त्या क्रमाशी इमान होतं.

इंजिन होतं जर्मन रेल्वेच्या ‘व्ही २००’ जातीचं. मूळ डिझेल इंजिन १९५३ सालचं, तांबड्या रंगाचं, गोलसर नाकाचं, साडेअठरा मीटर लांब. त्याचं हे मॉडेल एच-झीरो मापाचं, म्हणजे मूळच्या १/८७ : लांबी जेमतेम २१ सेंटिमीटर, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. नाशिकची कॉलेजात शिकणारी एक मुलगी ते घेऊन आली होती. तिचा मामेभाऊ नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असतो. त्याच्या घरी ते वर्षभर छान धावत होतं. त्याने नवं घेतलं आणि हे तिला पाठवलं; पाठवण्याआधी काळजीने शिलाई मशीनचं तेलही घातलं. नाशिकला ते काही महिने कपाटात राहिलं. नंतर रुळावर ठेवलं तर दिवे लागले, भोंगा वाजला, इंजिन हललं नाही.

“आधी काय काय करून पाहिलंस?” हा काकांचा पहिला प्रश्न. मुलीने सांगितलं, तसं त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या मते दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनांत मूळ दोष एक असतो आणि तो शोधण्याच्या भरात घातलेले दोष दोन. कुणी तार उलटी जोडलेली असते, कुणी स्क्रू हरवून मोठा बसवलेला असतो, कुणी चाकं सँडपेपरने घासून त्यावर चरे पाडलेले असतात. तिने काहीच उघडलं नव्हतं. “शाब्बास, अर्धं काम तूच केलंस,” काका म्हणाले.

पुढे जाण्याआधी हे इंजिन हुकूम ऐकतं कसं, ते सांगायला हवं. जुन्या पद्धतीत रुळांत जितका दाब सोडाल तितक्या वेगाने इंजिन पळायचं. एका रुळाला अधिक टोक, दुसऱ्याला उणे. साधारण बारा व्होल्टपर्यंत. दिशा बदलायची तर टोकं उलटवायची. यात गोम अशी की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळणार, एकदम थांबणार. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळं बटण लावावं लागे, आणि चालवणारा गाडी बघायची सोडून बटणंच बघत बसे.

यातून सुटायची धडपड फार जुनी आहे. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९४६ मध्ये रेडिओ लहरींवर चालणारा संच काढला; डब्यांच्या पोटात रिसीव्हर होते. महागडा आणि लहरी म्हणून तो काही वर्षांतच बंद पडला. १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने ‘झीरो वन’ आणलं. त्यात सोळा इंजिनांना वेगवेगळे क्रमांक देता येत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत ग्योपिंगेनच्या मेर्कलिनने मोटोरोलाच्या चिपवर आधारलेली आपली डिजिटल पद्धत बाजारात आणली. पण एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालेल तर शपथ. शेवटी बेर्न्ड लेन्झ या जर्मन अभियंत्याच्या कामावर आधारलेली पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रमाण म्हणून स्वीकारली. छंदिष्टांची ही संस्था १९३५ ची. तिने ठरवलेल्या मापांवर आणि संकेतांवर आजही वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांची इंजिनं एकाच रुळावर चालतात. हौशी लोकांनी एकत्र येऊन उद्योगाला शिस्त लावल्याची अशी उदाहरणं थोडी आहेत, आणि मला त्या संस्थेबद्दल मनापासून आदर वाटतो. नाशिकच्या मुलीच्या हातातलं जर्मन इंजिन पुण्यातल्या एका टेबलावर तपासता येतं, ते त्यांच्यामुळे.

या पद्धतीला डीसीसी म्हणतात. रुळात कायम पूर्ण दाब असतो. एच-झीरोसाठी साधारण चौदा-पंधरा व्होल्ट. हा दाब क्षणोक्षणी उलटसुलट होत राहतो, आणि किती वेळाने उलटतो यातच निरोप दडलेला असतो. एका बाजूला ५८ मायक्रोसेकंद आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच, तर तो ‘एक’. दोन्हीकडे १०० किंवा जास्त, तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या माळेत इंजिनाचा क्रमांक, हुकूम आणि शेवटी पडताळणीचा आकडा असतो. पूर्ण निरोपाला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. इंजिनाच्या पोटातला डिकोडर सगळे निरोप ऐकतो, पडताळणी जुळली नाही तर निरोप टाकून देतो, आणि आपल्या क्रमांकाचा असेल तेवढा पाळतो. दिवे, भोंगा, मोटर या तिन्हींच्या किल्ल्या त्याच्याकडे.

म्हणजे त्या छोट्या इंजिनाचं अन्नपाणी आणि कान दोन्ही एकाच जागी आहेत: चाक रुळाला टेकतं तिथे. इंजिनाचं वजन काहीशे ग्रॅम, चाकं आठ, आणि प्रत्येक चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाहून मोठी नसते. तिथे काळा थर बसला की वीजही अडते आणि हुकूमही. म्हणून निम्म्याहून अधिक तक्रारी चाकं आणि रूळ पुसल्यावरच मिटतात, असं काका सांगतात, आणि ज्याने हा छंद थोडाफार केला आहे तो त्यांना दुजोरा देईल.

तेव्हा पहिलं काम पुसण्याचं. काकांनी रुळावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला सुती फडक्याचा पट्टा आडवा टाकला, इंजिनाची एका टोकाची चाकं त्यावर आणि दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर असं धरून ती बोटाने फिरवली. कापडावर दोन काळ्या रेघा उमटल्या. पुसून झालं, पुन्हा रुळावर ठेवलं. दिवे लागले. इंजिन हललं नाही.

दुसरं काम अदलाबदलीचं. त्याच रुळावर, त्याच रिमोटने, काकांचं स्वतःचं इंजिन चालवलं. ते पळालं. म्हणजे रिमोट, वीजपुरवठा, तारा, रूळ एवढं सगळं एका झटक्यात निर्दोष ठरलं आणि दोष इंजिनाच्या कवचाच्या आत आहे हे नक्की झालं. हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन चाललं, तर कशाने चाललं ते कधीच कळत नाही.

तिसरं काम डिकोडरला विचारण्याचं. डिकोडरमध्ये क्रमांक घातलेले स्मरणकप्पे असतात. छंदिष्ट त्यांना सीव्ही म्हणतात. पहिल्या कप्प्यात इंजिनाचा क्रमांक (कारखान्यातून निघताना तो ३ असतो), दुसऱ्यात सुरुवातीचा दाब, तिसऱ्या-चौथ्यात वेग किती सावकाश वाढावा आणि उतरावा ते, २९ व्यात दिशेपासून लांब क्रमांकापर्यंतचे बरेच निर्णय. हे कप्पे वाचायला वेगळा छोटा रूळ लागतो. त्यावर ठेवून यंत्राने विचारायचं, “पहिल्या कप्प्यात ३ आहे का?” डिकोडरला तोंड नाही, मग उत्तर ‘हो’ असेल तर तो मोटरला क्षणभर वीज देतो. निदान ६० मिलिअँपिअर, सेकंदाच्या सहा सहस्रांश भागापुरती. इंजिन किंचित थरथरतं, विचारणाऱ्या यंत्राला वाढलेला प्रवाह जाणवतो आणि ते समजतं की होकार आला.

आमच्या इंजिनाने काहीच होकार दिला नाही. पडद्यावर ‘उत्तर नाही’ एवढंच. इथे शंभरातले नव्वद जण म्हणतील, डिकोडर गेला. काकांनी मुलीला विचारलं, “डिकोडर बोलतो कशाने?” ती थोडं थांबून म्हणाली, “मोटरने.” “मग मुका कोण आहे, डिकोडर की मोटर?”

त्या दिवसातला मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला क्षण हाच. दिवे हुकूम पाळताहेत, म्हणजे डिकोडर जागा आहे, ऐकतो आहे, समजतो आहे. उत्तर येत नाही कारण उत्तर द्यायचा त्याचा रस्ताच मोटरमधून जातो. संशय मोटरकडे वळला तो अंदाजाने नाही, डिकोडर बोलतो कसा हे माहीत होतं म्हणून.

कवच उघडलं. डिकोडर आठ टाचण्यांच्या सॉकेटवर होता. तो काढून ठेवला आणि त्या जागी साधा जोडणीचा प्लग बसवला, म्हणजे चाकांकडून येणारी वीज आता थेट मोटरला मिळणार. बारा व्होल्टचा साधा डीसी पुरवठा रुळाला जोडला. हालचाल नाही. मल्टिमीटर घेतला. आठही चाकांपासून मोटरच्या पत्र्यापर्यंत मीटरने बीप दिली, रस्ता चालू. मग मीटरच्या सुया मोटरच्या दोन टोकांना लावून काकांनी फ्लायव्हील बोटाने हळूहळू फिरवलं. चांगल्या मोटरमध्ये काही दशक ओहम दिसतात आणि फिरवताना थोडे हलतात. इथे आकडा यायचा, जायचा, बराच वेळ मीटर मोकळाच राहायचा. मोटरची गुंडाळी शाबूत होती; गुंडाळीपर्यंत वीज नेणारा संपर्क तुटत होता.

मोटरचं झाकण काढल्यावर कारण समोर आलं. कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, काळ्या चिखलाने माखलं होतं. मामेभावाने प्रेमाने घातलेलं तेल आसावरून सरपटत तिथवर आलं होतं, कार्बन ब्रशची झीज होऊन पडणारी भुकटी त्यात कालवली गेली होती, आणि कपाटातल्या महिन्यांत ते घट्ट झालं होतं. एक ब्रश आपल्या नळीत चिकटून बसला होता. मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नव्हती. असा चिखल पट्ट्यांमधल्या खाचांत शिरला की वीज या पट्टीवरून थेट त्या पट्टीवर जाते, मोटर तापते, आणि जास्तीचा प्रवाह ओढून खरोखरच डिकोडर जाळते. ही पोर जबरदस्तीने रिमोटचं बटण दाबत बसली असती तर कदाचित तेच झालं असतं.

सफाईला लाकडी टूथपिक, कापसाची काडी आणि अल्कोहोल एवढंच लागलं. खाचा टूथपिकने कोरल्या. सुई वापरली तर तांब्याला चरे पडतात, सँडपेपर वापरला तर त्याचे कण आतच राहतात. ब्रशांची टोकं कागदावर घासून कोरडी केली, नळ्या पुसल्या, स्प्रिंगांचा ताण पाहिला. बारा व्होल्टवर मोटर सुरू झाली. आधी कुरकुरली, मग सलग फिरू लागली. फ्लायव्हील क्षणभर बोटाने अडवून काकांनी प्रवाह मोजला : अडलेल्या मोटरचा प्रवाह डिकोडरला झेपणाऱ्या मर्यादेच्या बराच आत होता. ही मोजणी केल्याशिवाय ते डिकोडर परत बसवत नाहीत.

डिकोडर बसवला. कवच न लावताच इंजिन रुळावर ठेवलं. दिवे लागले. भोंगा वाजला. मुलीने वेगाची चकती फिरवली.

इंजिन हललं नाही.

तिचा चेहरा उतरला. काका मात्र पुन्हा वहीकडे वळले. मोटर चालते हे आता सिद्ध झालेलं आहे, ते कुणी पुसू शकत नाही. चाकांपासूनचा रस्ता चालू आहे. डिकोडर दिव्यांचे हुकूम पाळतो. तर मग वेगाचाच हुकूम का नाही? आणि आता एक गोष्ट नवी होती: मोटर फिरू लागली होती, म्हणजे डिकोडरला वाचा फुटलेली होती. इंजिन पुन्हा त्या छोट्या रुळावर गेलं. एकेक कप्पा वाचताना ते हलकेच थरथरू लागलं. पहिला कप्पा ठीक. २९ वा ठीक. १९ व्या कप्प्यात आकडा आला १२.

तो कप्पा शून्य असायला हवा. दोन इंजिनं जोडून एकच गाडी ओढायची असते तेव्हा दोघांना मिळून एक सामाईक क्रमांक देतात, आणि तो या १९ व्या कप्प्यात जातो. त्यानंतर इंजिन वेग आणि दिशा यांचे हुकूम फक्त सामाईक क्रमांकावर ऐकतं. स्वतःच्या क्रमांकावर दिवे-भोंगा ऐकतं, पण चालायला सांगितलं तर ढिम्म हलत नाही. श्टुटगार्टला फोन लावला. मामेभावाला आठवलं: शेवटच्या रविवारी दोन व्ही २०० जोडून लांबलचक गाडी चालवली होती. जोडी सोडवायची राहून गेली होती. १९ व्या कप्प्यात शून्य घातल्यावर इंजिन जे निघालं ते टेबलाच्या टोकापर्यंत गेलं.

दोन दोष होते, आणि एकाने दुसऱ्याला झाकलं होतं. मोटर मुकी होती म्हणून कप्पा वाचता येत नव्हता. कप्पा चुकीचा होता म्हणून मोटर सुधारल्याचं दिसत नव्हतं. डिकोडर बदलला असता तर १२ चा आकडा गेला असता, पण मोटर तशीच राहिली असती. नुसती मोटर बदलली असती तर १२ तिथेच राहिला असता. दोन्ही बाबतींत निष्कर्ष चुकीचा निघाला असता आणि पैसे वाया गेले असते. अशा वेळी सगळे कप्पे कारखान्यातल्या मूळ स्थितीला न्यायचा उपाय अनेक जण सुचवतात. बऱ्याच डिकोडरांत आठव्या कप्प्यात ८ लिहिलं की ते होतं. काकांना तो मुळीच आवडत नाही. त्याने दोष जातो तसा पुरावाही जातो, आणि तोच दोष पुन्हा आला तर आपण होतो तिथेच.

एक किरकोळ काम उरलं होतं. सांधेबदलावरून जाताना इंजिन क्षणभर अडखळायचं. एका चाकाला टेकणारी पितळी पट्टी वाकली होती. चिमट्याने सरळ केली. चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतरही तपासलं. एच-झीरोत ते साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास लागतं. कमी भरलं तर चाक सांध्यावर चढतं.

काकांची टेलिफोन खात्यातली पार्श्वभूमी ऐकली तेव्हा मला अमेरिकेतल्या एमआयटीचा टेक मॉडेल रेलरोड क्लब आठवला. १९४६ च्या सुमारास सुरू झालेल्या या विद्यार्थी-मंडळात दोन तट होते. एकाला डबे, डोंगर, स्टेशनं रंगवण्यात रस. दुसऱ्याला टेबलाच्या खाली असलेल्या तारांच्या जंजाळात. या दुसऱ्या तटाचं नाव ‘सिग्नल्स अँड पॉवर’. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि स्विच जोडून त्यांनी गाड्यांच्या नियंत्रणाची अजब यंत्रणा उभी केली. रात्र रात्र टेबलाखाली दोष शोधणारी ही पोरं पन्नासच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात आलेल्या पहिल्या संवादी संगणकांकडे वळली. त्यांच्यातला अ‍ॅलन कोटॉक पुढे ‘डिजिटल’ नावाच्या कंपनीच्या मोठ्या संगणकांचा प्रमुख रचनाकार झाला. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात संगणक-संस्कृतीची सुरुवात याच क्लबातून सांगितली आहे. मला त्यात नवल वाटत नाही. रुळाचा कुठला तुकडा कुठल्या रिलेमुळे मेला हे शोधणारं डोकं आणि प्रोग्रॅममधली चूक शोधणारं डोकं एकाच घडणीचं असतं.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झालं. एका खोलीत वसवलेलं गाव, त्यातून धावणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, आणि आवाज-प्रकाशाच्या साथीने चालणारा खेळ. पुण्याच्या कित्येक मुलांनी छोटी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती तिथे. माझ्यासारख्याला मात्र खेळ बघताना राहून राहून वाटतं, की प्रेक्षक निघून गेल्यावर चाकं पुसणारे हात इथला खरा विषय आहेत. हॅम्बुर्गमध्ये ब्राउन बंधूंनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’मध्ये हजाराहून जास्त गाड्या आहेत आणि त्या दिवसभर चालतात. नियंत्रण-कक्षात पडद्यांच्या भिंतीसमोर माणसं बसलेली असतात. कुठे काही अडलं की कुणीतरी उठून डोंगराआडच्या झडपेतून वर येतो. इंजिन रोज चालवलं तर रोज बिघडणार, हे त्यांनी गृहीतच धरलं आहे, आणि प्रेक्षकांपासून ते लपवलेलं नाही.

मुंबई आणि कोकणपट्टीतल्या छंदिष्टांचे दोष थोडे निराळे. दमट हवेत पितळी रूळ लवकर काळे पडतात. निकेल-सिल्व्हरचे (नावात चांदी असली तरी तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू) बरेच टिकतात. जुन्या इंजिनांच्या जस्ताच्या ओतीव सांगाड्यात शिशाची भेसळ असेल तर दमट हवेत तो आतून फुगतो आणि तडकतो. वरून इंजिन सुंदर दिसतं, आत आस आवळला गेलेला असतो. यावर औषध नाही. सांगाडाच बदलावा लागतो. नायलॉनची दातेरी चाकं आसावर बसतात तिथे चिरतात, तेव्हा इंजिन प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ करून लंगडतं. सुटे भाग सहज मिळत नसल्याने आपल्याकडचे लोक पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तारा, सॉकेट, कपॅसिटर धुंडाळतात, घड्याळजीकडून बारीक स्क्रू मिळवतात, नाहीतर लेथवाल्या ओळखीच्या माणसाकडून पितळेचं दातेरी चाक कापून घेतात. टंचाईतून आलेली ही कसबं आहेत आणि ती फार कमी हातांत उरली आहेत.

बॅटरीवर धावणाऱ्या, हवेतून हुकूम घेणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे वीज आणि हुकूम वेगवेगळ्या वाटांनी येतात. मोठ्या मापाच्या बागेतल्या गाड्यांत रेडिओ असतो. इंजिन जवळ ऐकतं आणि लांब गेलं की थांबतं, तेव्हा आधी अँटेनाची तार धातूच्या कवचाला किंवा मोटरला चिकटली आहे का पाहावं. मोटर सुरू झाली की हुकूम गडबडतात, तेव्हा ब्रशांच्या ठिणग्यांचा रेडिओ-गोंगाट शंकेखाली घ्यावा. मोटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर डाग देऊन बसवला की बहुधा शमतो. आणि बॅटरी नेहमी मोटर चालू असताना मोजावी. थकलेली बॅटरी रिकाम्या वेळी पूर्ण व्होल्ट दाखवते आणि भार पडताच कोसळते.

मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यांत बरेचदा टीव्हीसारखा इन्फ्रारेड रिमोट असतो. तो चालतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतं: रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं, पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा गाळणी असते, म्हणून पुढच्याने पाहावं. ठिपका दिसला आणि गाडी हलली नाही, तर सेलचा कप्पा उघडा. अल्कलाइन सेल गळून पांढरी बुरशी चढलेली असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने ती पुसून, पत्री नीट कोरडी करून पाहावी. वर्षभर माळ्यावर सेल आत ठेवून दिलेल्या गाड्यांचा हा ठरलेला आजार.

दिवाळीत त्या गाड्या माळ्यावरून उतरतात आणि मुलांनी केलेल्या मातीच्या किल्ल्याभोवती धावतात. किल्ल्याच्या मातीसारखा त्यांचा शत्रू नाही. ओली माती, किल्ल्यावर पेरलेल्या अळिवाला मारलेलं पाणी आणि रांगोळीची दगडी भुकटी दातेऱ्यांत शिरली की आठवड्यात गिअर खाऊन टाकते. काकांचा सल्ला साधा आहे: किल्ल्यापासून वीतभर अंतरावर पुठ्ठ्याची पट्टी अंथरून रूळ तिच्यावर मांडावेत, रात्री गाडी उचलून ठेवावी, आणि भाऊबीज झाली की सेल काढून, चाकांना गुंडाळलेले केस चिमट्याने ओढून मगच ती डब्यात भरावी.

नाशिकच्या मुलीला तिचं इंजिन मिळालं तेव्हा डब्यात एक चिठ्ठी होती. त्यावर तारीख, सापडलेले दोष, १९ व्या कप्प्यातला आधीचा आणि आताचा आकडा, अडलेल्या मोटरचा प्रवाह, आणि तेल कुठे घालायचं त्याचं छोटं रेखाचित्र: आसाच्या दोन टोकांना सुईच्या अग्रावर मावेल तेवढा एकेक थेंब, कम्युटेटरच्या बाजूला फुली. काकांनी त्या चिठ्ठीची एक प्रत श्टुटगार्टलाही पाठवायला सांगितली, कारण जोडीतलं दुसरं व्ही २०० अजून तिथेच होतं, आणि त्यालाही त्याच बाटलीतलं तेल मिळालं होतं.